बालीला जायच्या आधी रेबीजची लस घ्यावी का? आणि तिथे काही चावलं तर सीरमचं काय?

कोलशेत_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं बालीला आठ दिवस आणि येताना सिंगापूरला दोन दिवस जातोय: मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. निघायला साडेतीन आठवडे आहेत. उबुदचं माकडांचं जंगल आणि उलुवातूचं मंदिर दोन्ही कार्यक्रमात आहे आणि मुलगी कुत्रं-मांजर दिसलं की थेट त्याच्याकडे पळते.

रेबीजबद्दल विचारलं तर आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, चावल्यावर घेता येते, आधीपासून कशाला टोचून घ्यायची? घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये तीन डोस सांगितले, दुसरीकडे दोन. बायकोला दोन वर्षांपूर्वी सोसायटीतला कुत्रा चावला होता, तेव्हा तिचे पाचही डोस पूर्ण झालेत. सासूबाईंचं वय ६३, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे.

कोणी काय घ्यायचं, तिथे काही झालं तर पहिल्या तासात काय करायचं आणि अर्धवट राहिलेले डोस ठाण्यात येऊन पूर्ण करता येतात का, हे नीट समजून घ्यायचंय. इथून लस सोबत नेली तर चालेल का?

---

ट्रॅव्हलमेड_वाशी

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं ठाण्यात राहणाऱ्यासाठी चालून जातं, बालीला जाणाऱ्यासाठी नाही. फरक लसीत नाही, सीरममध्ये आहे.

रेबीजचा विषाणू चावलेल्या जागी स्नायूत काही काळ थांबतो, मग नसेत शिरतो आणि नसेतून मेंदूकडे सरकतो. लस दिल्यापासून शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. मधल्या काळात जखमेतला विषाणू जागीच निष्प्रभ करायला तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत भरावी लागतात. दवाखान्यात त्यालाच सीरम म्हणतात. रक्त काढणारा चावा, खोल ओरखडा, फाटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ जाणं ही सगळी तिसऱ्या श्रेणीची जखम, आणि तिला लस व सीरम दोन्ही लागतात. बालीत लस बहुतेक ठिकाणी मिळते. सीरमचा मात्र तिथे वारंवार तुटवडा असतो, आणि मानवी सीरम मिळालंच तर फार महाग पडतं. डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा बोटांवर चावा असेल, तर सीरमच्या शोधात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडू शकतो.

आधी लस घेतलेल्या माणसाच्या शरीरात ती ओळख पक्की झालेली असते. त्याला काही चावलं तर जखम धुवायची आणि फक्त दोन डोस घ्यायचे, त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. सीरमची गरजच उरत नाही. प्रवासाआधी लस घ्यायची ती एवढ्यासाठी. आधी घेतली म्हणून चावल्यावर काहीच करायचं नाही, असा अर्थ मात्र कुणी काढू नका.

आता दोन की तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून निरोगी माणसासाठी दोन डोस पुरेसे मानलेत: आज एक, सातव्या दिवशी दुसरा. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन आहेत: ०, ७ आणि २१ किंवा २८. तुम्हाला दोन क्लिनिकनी दोन आकडे सांगितले ते यामुळे, चूक कोणाचीच नाही. तुमच्याकडे साडेतीन आठवडे आहेत, म्हणजे या दोन-तीन दिवसांत सुरुवात केलीत तर २१ वा दिवसही निघण्याआधी बसतो. तुम्ही आणि मुलीने तिन्ही घ्या, असं मी सांगेन. पुढे कधी इथे चावा झाला तर समोरचा डॉक्टर राष्ट्रीय सूचनांप्रमाणे तीन डोसांची नोंद शोधतो. ती हातात असली की वाद उरत नाही.

बायकोला आता काहीच घ्यायचं नाही. चावल्यानंतरचा पूर्ण कोर्स झालेला माणूस आधी लस घेतलेलाच धरतात. बालीत काही झालं तर तिला दोन बूस्टर, सीरम नाही. पण त्या पाच डोसांचा कागद शोधून ठेवा. कागद नसेल तर कुठलाही डॉक्टर तिला लस न घेतलेली धरून पूर्ण उपचार देणार, आणि तेच बरोबर आहे.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. मेथोट्रेक्सेटमुळे प्रतिकारशक्ती दबते, म्हणून त्यांना तिन्ही डोस हवेत आणि ते स्नायूतच. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असताना त्वचेतल्या डोसाचा परिणाम कमी होऊ शकतो. लस मृत विषाणूची आहे, त्यामुळे लसीपासून त्यांना धोका नाही. शेवटच्या डोसानंतर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजता येतात. प्रति मिली ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त आली म्हणजे लस लागू पडली. ही चाचणी बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये होते. तुमच्या तारखांत ती बसणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी सरळ नियम धरा: त्यांना काही चावलं तर आधीची लस असूनही पूर्ण कोर्स आणि सीरम. मेथोट्रेक्सेट लसीसाठी आपल्या मनाने बंद करू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा.

---

सिस्टर_नेरूळ

वरचं सगळं पटलं. लस टोचून घेताना काय पाहायचं ते मी सांगते, कारण गडबड तिथे होते.

खासगी क्लिनिकमध्ये बहुतेक वेळा स्नायूतून देतात, एका माणसाला एक पूर्ण कुपी. व्हेरो पेशींवरच्या लसीची कुपी सहसा ०.५ मिलीची असते, कोंबडीच्या गर्भपेशींवरची १ मिलीची. जी असेल ती पूर्ण द्यायची, अर्धी नाही. मोठ्यांना आणि सहा वर्षांच्या मुलीलाही दंडात, अगदी लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कमरेत कधीच नाही. तिथल्या चरबीत लस अडकते आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. कोणी "कमरेत देते, दुखणार नाही" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर व्हेरो पेशींवरची लस मागा.

त्वचेतून द्यायची पद्धत स्वस्त पडते, कारण प्रत्येक जागी फक्त ०.१ मिली लागतं आणि दोन्ही दंडांवर मिळून ०.२. एक कुपी घरातल्या दोघा-तिघांना पुरते, पण सगळ्यांनी एकाच वेळी जायला हवं, कारण विरघळवलेली लस २ ते ८ अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. इन्सुलिनच्या सिरिंजने सुई जवळजवळ आडवी धरून टोचलं की जागेवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, फिकट फुगवटा यायला हवा. तो आला नाही, लस सरळ आत गेली, तर ती त्वचेखाली गेली असं समजायचं आणि शेजारी नव्या जागी पुन्हा द्यायची. हाताला सवय नसलेल्या ठिकाणी त्वचेतून घेऊ नका, स्नायूतून घ्या. सासूबाईंना तर स्नायूतूनच.

कुपी फ्रीजमधून तुमच्यासमोर काढायला सांगा, एक्स्पायरी बघा. मेडिकलमधून विकत घेऊन जायची असेल तर बर्फाच्या पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कागद ठेवा. कुपी साधारण चारशे रुपयांच्या आगेमागे मिळते. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतोच, आणि कुपीवरचं लेबल काढून कार्डावर चिकटवायला सांगा.

कार्ड इंग्रजीत आणि लेटरहेडवर हवं: लसीचा प्रकार, कंपनी, बॅच, तारीख, किती मिली, स्नायूत की त्वचेत, कुठल्या हातात, सही-शिक्का. नुसतं "रेबीज १, रेबीज २" असं प्रिस्क्रिप्शनच्या मागे खरडलेलं बाहेर कोणी ग्राह्य धरत नाही. चौघांच्या कार्डांचे फोटो तिन्ही मोठ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

लस सोबत न्यायचा विचार सोडून द्या. प्रवासात तापमान राखता येत नाही आणि बाहेरचा दवाखाना तुम्ही आणलेली कुपी टोचत नाही.

सासूबाईंच्या वयाच्या लोकांच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं असतात. ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस भारतात २००४-०५ मध्येच बंद झाली. आताच्या लसीने दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बाकी काही नाही.

---

पशुवैद्य_ऐरोली

कुठल्या प्राण्याला किती घाबरायचं यावर लिहितो, कारण बालीला जाणारे सगळे माकडांचंच विचारतात. तिथे रेबीज मुख्यतः कुत्र्यांतून येतो. २००८ पर्यंत बाली रेबीजमुक्त होतं. त्या वर्षी बेटाच्या दक्षिण टोकाला, उंगासान भागात साथ सुरू झाली आणि पुढे बेटभर पसरली. उलुवातूचं मंदिर त्याच टोकाच्या द्वीपकल्पावर आहे.

माकडाचा चावाही रेबीजचाच चावा धरायचा, पण खरी भीती समुद्रकिनाऱ्यावर, होमस्टेच्या अंगणात, देवळाच्या पायरीवर बसलेल्या कुत्र्याची, आणि त्याहून जास्त पिल्लांची. पिल्लू लहान आहे, गोड आहे, त्याला कुठून रेबीज, असं वाटतं. २०१९ मध्ये नॉर्वेची एक तरुणी फिलिपिन्समध्ये रस्त्यावरचं पिल्लू उचलून खोलीवर घेऊन गेली होती. खेळताना त्याने किरकोळ चावे-ओरखडे काढले, कोणी डॉक्टरकडे गेलं नाही, आणि घरी परतल्यावर ती रेबीजने गेली. जखम दिसायला साधी होती म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष झालं.

म्हणून मुलीला आत्तापासून दोन गोष्टी पक्क्या शिकवा. एक, आईबाबांना विचारल्याशिवाय कुठल्याही प्राण्याला हात लावायचा नाही. दुसरी याहून महत्त्वाची: काही चावलं, ओरखडलं किंवा चाटलं तर लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही. मुलं ओरडा बसेल म्हणून लपवतात. रोज रात्री आंघोळीच्या वेळी हातपाय, पोटऱ्या, कानामागे नजर टाका. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं, नजर जमिनीकडे. खाली पडलं तर मान आणि कान हातांनी झाकून गोळा व्हायचं.

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची जी पद्धत आपल्याकडे लोकांना माहीत आहे ती फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. माकड, वटवाघूळ, मुंगूस यांना ती लागू नाही. आणि पर्यटकाला तो कुत्रा पुन्हा दिसणार कुठे? उपचार लगेच सुरू करायचे. कुत्रा पाळीव आहे, मालक ओळखीचा आहे आणि दहाव्या दिवशी तो ठणठणीत असल्याची खात्री झाली, तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. आधी थांबून मग सुरू करणं हा उलटा क्रम कधीच नको.

वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चाव्याची खूण दिसतही नाही. झोपेतून उठल्यावर खोलीत वटवाघूळ आढळलं तर चावलं नसेल असं गृहीत धरू नका. बालीत रस्त्याकडेला मोठी फळवटवाघळं हातात देऊन फोटो काढतात, ते टाळा. उंदीर, घूस, खार यांच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही, पण जखम धुवा आणि धनुर्वाताचं पाहा.

सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे, तिथल्या दोन दिवसांची काळजी नको. पण बालीत झालेली जखम सिंगापूरला पोचल्यावर दाखवू, असं करू नका.

---

सहल_संयोजक_नौपाडा

माकडांच्या दोन्ही जागांबद्दल. उलुवातूची माकडं चष्मा, गॉगल, टोपी, मोबाइल आणि चपला पळवतात आणि खाऊ मिळाला की सोडतात. वस्तू परत मिळवायला स्वतः पुढे जाऊ नका, तिथले कर्मचारी फळ देऊन सोडवून आणतात. चावे याच ओढाताणीत होतात. चष्म्याला मागून दोरी बांधा, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकची पिशवी हातात नको, कारण पिशवी म्हणजे खाऊ हे त्यांनी शिकून घेतलंय. मुलीच्या खिशात बिस्किटाचा पुडा नाही ना बघा. डोळ्यात रोखून पाहू नका, दात दाखवून हसू नका, माकड त्याला आव्हान समजतं. खांद्यावर येऊन बसलं तर ओरडून झटकू नका, हळू वाका आणि चालत राहा, ते उतरतं. उबुदला माकडांना खाऊ घालायचा मोह टाळलात तर निम्मा धोका तिथेच संपतो. सहा वर्षांच्या मुलीला मी तरी माकडांच्या जंगलात नेणार नाही. बालीत पाहण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. न्यायचंच असेल तर हात धरून, कडेने, आणि सकाळी लवकर.

आता दवाखाना. गावोगाव सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, त्यांना पुस्केस्मास म्हणतात. ती सकाळच्या वेळात चालतात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या आयजीडीत जायचं, म्हणजे आपली कॅज्युअल्टी. कागदावर व्हीएआर लिहिलेलं दिसलं तर ती लस, एसएआर म्हणजे सीरम. हॉटेलच्या रिसेप्शनला "दिगिगित आंजिंग" म्हणजे कुत्रा चावला, "दिगिगित मोन्येत" म्हणजे माकड चावलं, एवढं सांगितलं तरी ते लगेच हालचाल करतात. रुग्णालयात जायच्या आधी सीरम आहे का, फोन करून विचारायला त्यांनाच सांगा. सासूबाईंसाठी हे फार कामाचं आहे.

विम्याची पॉलिसी घेतानाच ईमेलवर लेखी विचारा: प्राणी चावल्यावर ओपीडीत दिलेली लस आणि सीरम यांचा खर्च मिळतो का, की फक्त भरती झाल्यास? सासूबाईंचा संधिवात आधीपासूनचा आजार म्हणून जाहीर केलाय का? सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची? प्रवासाआधीच्या लसीचा खर्च सहसा कोणी देत नाही, तो धरू नका. काही झालं तर आधी जखम धुवा आणि दवाखान्याकडे निघा. मदत क्रमांकावर फोन वाटेत करा, पण पैसे भरण्याआधी करा. नोंदणी क्रमांक मिळाला नाही तर नंतर दावा अडतो. पावतीवर औषधाचं नाव वेगळं लिहून घ्या, नुसतं "उपचार" नको.

---

कोलशेत_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांचा पहिला डोस परवा घेतोय, बायकोचा कागद सापडला. अजून दोन शंका. जखम धुवायची म्हणजे नेमकं कसं आणि तिथे बाहेर नळ नसेल तर? आणि सासूबाईंना सीरम लागलं तर किती लागतं, ते योग्य दिलं की नाही हे आम्हाला कसं कळणार? त्यांचं वजन ५८ किलो.

---

ट्रॅव्हलमेड_वाशी

धुणं हा उपचारच आहे, प्रथमोपचाराची औपचारिकता नाही. विषाणूवर मेदाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणून साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं प्रत्यक्षात फार लांब वाटतात, लोक दोन मिनिटांत थांबतात. साबणाचा फेस करायचा, जखमेत जाऊ द्यायचा, पाण्याने वाहू द्यायचा, पुन्हा फेस. दाताचं भोक अरुंद असेल तर कडा जराशा ताणून पाणी आत जाऊ द्या. घासू नका, नस उघडी पडते. नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, झाकणाला सुईने भोक पाडलं की बारीक धार मिळते. दोन लिटर सहज लागतं. साबणाची छोटी वडी आणि पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली रोजच्या पिशवीत ठेवा. धुऊन झाल्यावर आयोडीन लावा. डोळ्यात लाळ गेली तर फक्त भरपूर साधं पाणी, साबण नाही.

हळद, तिखट, चुना, कॉफी, तेल काही लावायचं नाही. घट्ट पट्टी नको. टाके शक्यतो टाळायचे, कारण सुईने नव्या नसा उघड्या पडतात. चेहरा फाटला आणि टाके टाळताच येत नसतील, तर आधी जखमेत सीरम भरून थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग सैल टाके घालायचे.

सीरमचं गणित. मानवी सीरम किलोला २० युनिट, घोड्याचं ४०. ५८ किलोला मानवी ११६० युनिट होतात. १५० युनिट प्रति मिलीची कुपी असेल तर सुमारे ७.७ मिली. घोड्याचं २३२० युनिट, ३०० च्या कुपीतून तेवढेच ७.७ मिली. हा कमाल आकडा आहे, याच्या वर जायचं नाही. भारतात आता मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली, प्रतिपिंडंही मिळतात, त्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यांच्यावर हे गणित लावू नका.

योग्य दिलं की नाही हे ओळखायची खूण एकच: सुई जखमेत आणि जखमेच्या कडांत गेली पाहिजे. सगळं सीरम कमरेत किंवा दंडात टोचून मोकळं करणं ही जुनी सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने जखमेत काहीच पोचत नाही. जखमा अनेक असतील आणि सीरम कमी पडत असेल, तर सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेत थोडं थोडं द्यायचं. बोटाच्या टोकाला जेमतेम अर्धा-एक मिली बसतं, जोर लावला तर बोटाचा रक्तपुरवठा दाबला जातो. म्हणून तिथे सावकाश, बसेल तेवढंच. सीरम आणि लस एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी नको.

पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तरी लस थांबवायची नाही. लस त्याच दिवशी सुरू करा आणि सीरमचा शोध चालू ठेवा. पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागलेली असतात, मग देत नाहीत. बालीत मिळत नसेल तर सहल आटोपती घेऊन या मुदतीत मुंबईला परत येणं हा सासूबाईंसाठी खरा पर्याय आहे. विमा कंपनीशी हेच बोला.

माकड चावलं तर आणखी एक विचारा. मकाक जातीच्या माकडांत (बालीतली माकडं याच जातीची) बी विषाणू असतो, माणसाला तो क्वचितच होतो पण मेंदूपर्यंत जातो. जखम खोल किंवा डोक्या-मानेजवळ असेल तर डॉक्टर १४ दिवस व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देऊ शकतात. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन आणि चाव्यासाठीचं प्रतिजैविक.

---

सिस्टर_नेरूळ

परत आल्यावर डोस पूर्ण करण्याबद्दल राहिलं होतं. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इकडे महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं, सगळीकडे चावल्यानंतरची लस मिळते. सीरम हवं असेल तर आधी फोन करून साठा विचारा. केसपेपर काढताना "कुत्रा चावला" एवढंच न सांगता परदेशात कुठला डोस कधी झाला तो कागद पुढे करा.

लस दुसऱ्या कंपनीची असली तरी कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा नसतो, जिथे थांबला तिथून पुढे जायचं. फक्त वेळापत्रक कुठलं ते पाहा, कारण इंडोनेशियात वेगळं चालतं. तिथे लस न घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एकदम दोन इंजेक्शनं देतात, दोन्ही दंडांत एकेक, मग ७ व्या आणि २१ व्या दिवशी एकेक. आपल्याकडे स्नायूतून ०, ३, ७, १४, २८. तिथला कागद बघून इथे कोणी "तिसऱ्या दिवसाचा चुकला" म्हणालं तर गोंधळू नका. दोन-एक-एक पद्धतीने सुरू झालं असेल तर तसंच पूर्ण करायचं.

तुम्ही, बायको आणि मुलगी यांच्यासाठी ही भानगड नाही. तुमचे बूस्टर दोनच. मुलीला तिकडे कोणी सीरमही देऊ लागलं तर कार्ड दाखवून आधीच्या डोसांबद्दल सांगा.

दिवस मोजताना पहिला डोस ज्या दिवशी झाला तो शून्यावा दिवस, चावलेला दिवस नाही. १२ तारखेला पहिला डोस झाला तर तिसरा दिवस १५, सातवा १९, चौदावा २६. एखादी तारीख विमानात गेली तर दुसऱ्या दिवशी उतरल्यावर घ्या आणि पुढचं अंतर तेवढंच ठेवा. सासूबाईंच्या तारखांत मात्र एक दिवसही मुद्दाम पुढे ढकलू नका.